भवभूती

भवभूती (इ.स.चे आठवे शतक) हा संस्कृत भाषेतील श्रेष्ठ नाटककार व कवी होता. महावीरचरित, मालतीमाधव आणि उत्तररामचरित ही त्याची तीन नाटके आज उपलब्ध आहेत. संस्कृत नाटककारांत कालिदासानंतर बहुधा त्याचेच नाव घेतले जाते. करुणरसाच्या आविष्कारात तर तो कालिदासापेक्षाही सरस आहे, असे जुन्या रसिकांचे मत होते. तो विदर्भातील पद्मपूर या नगरातील एका वैदिक ब्राह्मण घराण्यात जन्मला. हे पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर होय, असे नागपूरचे प्राच्यविद्यापंडित महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले आहे. समकालीनांकडून उपेक्षा वाट्याला आलेला आणि भविष्यातील रसिकांवर भिस्त ठेवणारा कवी म्हणूनही तो प्रसिद्ध आहे.

नाव व कुळ

प्राचीन भारतीय ग्रंथकार स्वतःविषयी सहसा लिहीत नाहीत. कालिदासाने आपल्या आईवडिलांचे नावही कोठे सांगितलेले नाही. भवभूती या बाबतीत अपवाद आहे. आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत सूत्रधाराच्या तोंडून त्याने घराण्याची बरीच माहिती दिली आहे. त्याच्या चरित्राचा जवळजवळ सर्व विश्वसनीय भाग या प्रस्तावनांतूनच हाती येतो.

त्याचे घराणे काश्यप गोत्राचे व कृष्णयजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचे असून उदुंबर हे त्यांचे कुलनाम होते. पंचाग्नी बाळगणारे, सोमयाग करणारे व ब्रह्मविद्या जाणणारे म्हणून या कुळाची ख्याती होती. भवभूतीच्या पाचव्या पिढीतील एका पूर्वजाने वाजपेय यज्ञ केला होता व तो महाकवी म्हणून ओळखला जात असे. आजोबांचे नाव भट्टगोपाल, वडिलांचे नीलकंठ आणि आईचे जातुकर्णी. त्याच्या गुरूचे नाव ज्ञाननिधी. व्याकरण, मीमांसा व न्याय या तिन्ही शास्त्रांचा तो जाणकार होता आणि वेद, उपनिषदे, सांख्य व योग यांचाही त्याचा अभ्यास होता.

प्रस्तावनांत त्याचा उल्लेख श्रीकंठ या पदाने युक्त असा येतो. त्यामुळे श्रीकंठ हे मूळ नाव व भवभूती हे कवी म्हणून मिळालेले नाव, असे काही टीकाकार मानतात. भवभूती हेच मूळ नाव व श्रीकंठ ही पदवी, असे इतरांचे मत आहे. भवभूती या शब्दाचा एक अर्थ शंकराचे भस्म असा होतो. मालतीमाधवाच्या एका हस्तलिखितात हे नाटक मीमांसक कुमारिल भट्टाच्या शिष्याने रचल्याचे म्हटले असून तेथे उंबेक हे नाव येते. त्यावरून भवभूती व मीमांसक उंबेक एकच, असा तर्क केला गेला. परंतु याबाबत विद्वानांत एकमत नाही.

एवढ्या शास्त्रसंपन्न घराण्यातील हा पुरुष नाटकाकडे वळला. नटवर्गाशी आपला स्वाभाविक स्नेह होता, असे त्याने मालतीमाधवाच्या प्रस्तावनेत नमूद करविले आहे. स्मृतिग्रंथांनी नटाच्या व्यवसायाला हीन लेखलेले असताना श्रोत्रिय कुळातील विद्वानाने अशी मैत्री उघडपणे सांगावी, ही गोष्ट लक्षणीय आहे.

जन्मस्थान

पद्मपूर हे दक्षिणापथातील नगर असल्याचे भवभूती सांगतो. मालतीमाधवाच्या काही हस्तलिखितांत ते विदर्भात असल्याचाही उल्लेख आहे. मात्र या नगराचे नेमके स्थान दीर्घकाळ अनिश्चित होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी इ.स. १८७६ मध्ये मालतीमाधवाची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. पद्मपूर चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या परिसरात असावे, असा त्यांचा कयास होता.

पुढे मिराशींनी या प्रश्नाला शिलालेख व ताम्रपटांच्या अभ्यासातून नवी दिशा दिली. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करीत असताना त्यांनी वाकाटक राजवंशाच्या कोरीव लेखांचे संशोधन केले होते. छत्तीसगडच्या दुर्ग भागात सापडलेला एक अपुरा वाकाटक ताम्रपट पद्मपूर येथून दिला गेला असल्याचे त्यांनी दाखवून दिले. यावरून वाकाटकांच्या काळी पद्मपूर हे राजशासन निघण्याइतके महत्त्वाचे ठिकाण होते व ते पूर्व विदर्भात असावे, हे स्पष्ट झाले. आमगावजवळचे पदमपूर हे गाव नावाने व स्थानाने या वर्णनाशी जुळते. पूर्वी भंडारा जिल्ह्यात असलेले हे गाव इ.स. १९९९ मध्ये नवा जिल्हा झाल्यापासून गोंदिया जिल्ह्यात आहे. मिराशींचे हे मत आज बहुतेक अभ्यासक ग्राह्य मानतात.

विदर्भाचा अभिमान भवभूतीच्या लेखनातही डोकावतो. मालतीमाधवाचा नायक माधव हा विदर्भाच्या अमात्याचा पुत्र असून तो कुंडिनपुराहून परराज्यात विद्याध्ययनासाठी गेलेला आहे. गोदावरी, दंडकारण्य, जनस्थान व पंचवटी यांची वर्णने तर त्याच्या रामनाटकांत पुनःपुन्हा येतात.

काळ व राजाश्रय

भवभूतीने आपला काळ सांगितलेला नाही. तो इतर ग्रंथांवरून ठरवावा लागतो. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेलेल्या बाणभट्टाने हर्षचरिताच्या आरंभी पूर्वीच्या कवींचा गौरव केला आहे. त्यात भवभूतीचे नाव नाही. उलट इ.स. ८०० च्या सुमारास झालेला अलंकारशास्त्रज्ञ वामन भवभूतीचे श्लोक उदाहरणादाखल देतो. म्हणजे भवभूती या दोहोंच्या दरम्यान केव्हातरी झाला असला पाहिजे.

ही मर्यादा आणखी आवळणारा पुरावा काश्मीर व कनौज येथून मिळतो. बाराव्या शतकातील काश्मिरी इतिहासकार कल्हण याने राजतरंगिणीत काश्मीरनरेश ललितादित्य मुक्तापीड याने कनौजच्या यशोवर्म्याचा पराभव केल्याचे लिहिले असून वाक्पतिराज व भवभूती हे कवी यशोवर्म्याच्या पदरी होते, असे म्हटले आहे. यशोवर्म्याने इ.स. ७३१ मध्ये चीनच्या दरबारी दूत पाठविल्याची नोंद चिनी साधनांत आहे. वाक्पतिराजाने महाराष्ट्री प्राकृतात रचलेल्या गउडवहो या काव्यात आपल्या कवितेतील चांगले अंश भवभूतीरूपी सागरातून उडालेल्या थेंबांसारखे असल्याचे सांगितले आहे. वाक्पतिराज हा भवभूतीचा वयाने लहान समकालीन असावा, असे यावरून दिसते. या सर्व गोष्टींचा मेळ घालून भवभूतीचा काळ सातव्या शतकाचा शेवट ते आठव्या शतकाचा पूर्वार्ध असा मानला जातो.

यशोवर्मा स्वतःही नाटककार होता. त्याचे रामाभ्युदय हे नाटक मात्र आज उपलब्ध नाही. असा रसिक राजा आश्रयदाता असूनही भवभूतीच्या एकाही प्रस्तावनेत राजाचे वा राजसभेचे नाव नाही. त्याची तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत जमलेल्या लोकांसमोर सादर झाली, असेच त्यांत म्हटले आहे. त्यामुळे नाटके लिहून झाल्यावर, उतारवयात त्याला राजाश्रय मिळाला असावा, असे अनुमान केले जाते.

कालप्रियनाथाची यात्रा

कालप्रियनाथ म्हणजे उज्जयिनीचा महाकाल, असे जुने टीकाकार व अनेक आधुनिक विद्वान मानत आले. मिराशींनी त्याऐवजी यमुनेच्या दक्षिण काठावरील काल्पी हे स्थान सुचविले. काल्पी आजच्या उत्तर प्रदेशातील जालौन जिल्ह्यात असून तेथे सूर्याचे प्रसिद्ध देवालय होते. राष्ट्रकूट राजा गोविंद चौथा याच्या इ.स. ९३० च्या खंबायत ताम्रपटात त्याचा पिता इंद्र तिसरा याच्या उत्तरेकडील स्वारीचे वर्णन आहे. इंद्राच्या हत्तींनी कालप्रियाच्या प्रांगणात दातांचे आघात केले, सैन्य यमुनेपलीकडे गेले आणि कनौज उद्ध्वस्त झाले, असा तो मजकूर आहे. दक्षिणेतून कनौजकडे जाणाऱ्या वाटेवर यमुनेच्या अलीकडे काल्पीच येते, उज्जयिनी नव्हे, हा मिराशींच्या युक्तिवादाचा गाभा आहे.

स्थान कोणतेही असो, देवतेच्या उत्सवासाठी दूरदूरहून आलेल्या मिश्र समुदायापुढे ही नाटके झाली, एवढे निश्चित आहे. महाराष्ट्रातील जत्रांत रात्रभर चालणाऱ्या दशावतारी वा दंडारीच्या खेळांशी ही प्रथा दूरान्वयाने जुळते.

महावीरचरित

महावीरचरित हे सात अंकी नाटक असून विश्वामित्राच्या यज्ञापासून रामाच्या राज्याभिषेकापर्यंतची कथा त्यात आहे. रामायणातील विखुरलेल्या प्रसंगांना एका सूत्रात ओवण्यासाठी भवभूतीने मूळ कथेत धीटपणे फेरफार केले. आरंभीच रावणाचा दूत सीतेला मागणी घालण्यास येतो व ती नाकारली जाते. त्यानंतरच्या सर्व संकटांमागे रावणाचा अमात्य माल्यवान याचे डावपेच आहेत. परशुरामाला रामाविरुद्ध तोच चिथावतो. शूर्पणखा मंथरेचे रूप घेऊन येते आणि त्या कपटातून रामाचा वनवास घडतो. त्यामुळे कैकेयीकडील दोष दूर होतो. वालीही माल्यवानाच्या सांगण्यावरून चालून येतो व समोरासमोरच्या युद्धात मरतो. त्यामुळे झाडाआडून बाण मारल्याचा रामावरील आक्षेप उरत नाही.

राजकीय कारस्थानांची ही चौकट अभिनव असली तरी लांबलचक संभाषणांमुळे नाटकाची गती मंदावते. पाचव्या अंकाच्या मध्यानंतरचा भाग वेगवेगळ्या हस्तलिखितांत वेगवेगळा आढळतो. तो भवभूतीचा नसून नंतरच्या लेखकांनी पूर्ण केला असावा, असे चिकित्सक अभ्यासक मानतात.

मालतीमाधव

मालतीमाधव हे दहा अंकी प्रकरण आहे. प्रकरण म्हणजे कवीने स्वतः कल्पिलेल्या कथेवर आधारलेले नाटक. कथा पद्मावती नगरीत घडते. तेथील अमात्य भूरिवसू व विदर्भाचा अमात्य देवरात यांनी विद्यार्थिदशेत आपल्या मुलांचा परस्परांशी विवाह करण्याचे ठरविलेले असते. परंतु भूरिवसूची कन्या मालती आपल्या मर्जीतील नंदनाला द्यावी, अशी राजाची इच्छा असते. दोन्ही अमात्यांची जुनी सहाध्यायिनी कामंदकी ही बौद्ध भिक्षुणी मालती व माधव यांचा विवाह जुळवून आणण्यासाठी युक्त्या योजते. माधवाचा मित्र मकरंद व नंदनाची बहीण मदयंतिका यांचे उपकथानक मुख्य कथेला समांतर चालते. वाघाच्या तावडीतून मकरंद तिला सोडवितो, आणि पुढे मालतीच्या वेषात तोच नंदनाशी लग्न लावून घेतो.

या नाटकातील पाचवा अंक संस्कृत रंगभूमीवर अपूर्व आहे. निराश झालेला माधव रात्री स्मशानात जातो. तेथे अघोरघंट हा कापालिक व त्याची शिष्या कपालकुंडला चामुंडेपुढे मालतीचा बळी देण्याच्या तयारीत असतात. माधव अघोरघंटाला ठार करतो. चितांचा उजेड, पिशाचांचे थवे आणि देवीचे उग्र तांडव यांच्या वर्णनात बीभत्स व भयानक हे रस पूर्ण सामर्थ्याने प्रकटतात. पुढे कपालकुंडला सूड म्हणून मालतीला पळविते व माधव रानोमाळ भटकत राहतो. अखेर कामंदकीची जुनी शिष्या सौदामिनी हिच्या साहाय्याने सर्वांचे मीलन होते. तत्कालीन बौद्ध संघ, कापालिक पंथ, विद्यापीठे व विवाहप्रथा यांच्या अभ्यासासाठी हे नाटक मोलाचे साधन ठरले आहे.

उत्तररामचरित

उत्तररामचरित ही भवभूतीची सर्वश्रेष्ठ कृती होय. सात अंकांच्या या नाटकात राज्याभिषेकानंतरची कथा आहे. पहिल्या अंकात राम, सीता व लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात. जुन्या दुःखांच्या आठवणींनी मन हळवे झालेले असतानाच सीतेविषयीचा लोकापवाद कानी येतो आणि तिच्या त्यागाचा निर्णय होतो. वियोग पूर्वी एकदा भोगून झालेला आहे आणि चित्रे पाहताना तो संपल्याचे समाधान व्यक्त होत आहे. नेमक्या त्याच क्षणी दुसरा वियोग उंबरठ्यावर उभा राहतो. या रचनेतील नाट्य सर्व टीकाकारांनी वाखाणले आहे.

दुसऱ्या अंकापूर्वी बारा वर्षे लोटतात. शूद्र तपस्वी शंबूक याच्या वधासाठी राम दंडकारण्यात येतो. भवभूतीचा राम हे कृत्य करताना आपल्याच हाताची निर्भर्त्सना करतो आणि शंबूक दिव्य रूप धारण करून त्याला अरण्य दाखवितो. कवीने प्रसंगाची धार अशी बोथट केली असली, तरी वधामागील वर्णव्यवस्थेचा अन्याय त्यामुळे नाहीसा होत नाही, असा आक्षेप आधुनिक काळात घेतला जातो.

तिसरा अंक छायांक म्हणून ओळखला जातो. गंगेच्या वरदानाने अदृश्य झालेली सीता तमसा नदीच्या सोबतीने पंचवटीत आली आहे. रामाला ती दिसत नाही. परिचित वृक्ष, मोर, हरिणे आणि सीतेने वाढविलेला हत्ती पाहून राम मूर्च्छित होतो व तिच्या स्पर्शाने सावध होतो. वनदेवता वासंती त्याला सीतेच्या त्यागाचा जाब विचारते. ज्याने दुःख दिले तोही दुःखाने जळतो आहे, हे सीता स्वतःच्या डोळ्यांनी पाहते आणि तिच्या मनातील अढी सुटते. अखेरचे मीलन मनाला पटते ते या अंकामुळे.

चौथ्या अंकात जनक, कौसल्या व अरुंधती यांची वाल्मीकींच्या आश्रमात भेट होते. पाचव्यात लव व लक्ष्मणपुत्र चंद्रकेतू यांचा सामना होतो. सहाव्यात राम आपल्या मुलांना हळूहळू ओळखू लागतो. सातव्या अंकात गंगेच्या तीरावर वाल्मीकींनी रचलेले नाटक अप्सरांकडून सादर होते. नाटकातील हे नाटक पाहताना राम व्याकूळ होतो आणि अखेर खरी सीता त्याला परत मिळते. वाल्मीकिरामायणात सीता भूमीच्या पोटात जाते. भवभूतीने तो शेवट बदलला.

भाषा, शैली व रस

भवभूतीचे संस्कृतवर असामान्य प्रभुत्व होते. गद्यात व वर्णनांत तो दीर्घ समास व घोषयुक्त वर्णांचा वापर करतो; त्यामुळे त्याची भाषा कठीण झाल्याची तक्रार जुनीच आहे. पण भावनेच्या उत्कट क्षणी हाच कवी अत्यंत साधे, छोटे शब्द वापरतो. शिखरिणी हे त्याचे आवडते वृत्त असून अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने सुवृत्ततिलक या ग्रंथात त्याच्या शिखरिणीची खास प्रशंसा केली आहे.

कालिदास सूचकतेने बोलतो, तर भवभूती भावना शेवटपर्यंत व्यक्त करतो, असा फरक नेहमी सांगितला जातो. निसर्गाचे कोमल रूप कालिदासाला प्रिय आहे. भवभूतीला घोर अरण्ये, दऱ्याखोरी व गर्जणारे जलप्रवाह अधिक मोहवितात. त्याच्या नाटकांत विदूषक नाही. विनोदाचा अभाव ही त्याची उणीव मानली जाते. प्रेमाविषयीची त्याची दृष्टी मात्र संस्कृत साहित्यात वेगळी उठून दिसते. बहुपत्नीक राजांच्या प्रणयाऐवजी त्याने सुखदुःखांत न बदलणारे, वयाबरोबर पक्व होत जाणारे दांपत्यप्रेम रंगविले.

ग्रीक नाट्याशी तुलना

भवभूतीचा, विशेषतः उत्तररामचरिताचा, ग्रीक शोकात्म नाट्याच्या संदर्भात विचार केला जातो. अथेन्समध्ये इ.स.पू. पाचव्या शतकात एस्किलस, सोफोक्लीझ व युरिपिडीझ यांची नाटके डायोनिसस देवाच्या उत्सवात, ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावरील खुल्या नाट्यगृहात होत असत. देवतेचा उत्सव व मोठा जनसमुदाय ही पार्श्वभूमी कालप्रियनाथाच्या यात्रेसारखीच आहे. परंतु अथेन्समध्ये नाटककारांची स्पर्धा असे, परीक्षक विजेता ठरवीत आणि निकालांची अधिकृत नोंद ठेवली जाई. भारतात अशी नोंद ठेवण्याची पद्धत नव्हती. म्हणून भवभूतीच्या नाटकांचे त्या यात्रेत कसे स्वागत झाले, हे त्याच्या प्रस्तावनांतील नाराजीवरूनच ताडावे लागते.

मृत्यू व युद्ध प्रत्यक्ष रंगमंचावर दाखवू नये, हा संकेत दोन्ही परंपरांत दिसतो. ग्रीक नाटकात दूत येऊन पडद्याआडची भीषण घटना सांगतो. उत्तररामचरिताच्या सहाव्या अंकारंभी विद्याधर दांपत्य आकाशातून लव व चंद्रकेतू यांच्या युद्धाचे वर्णन करते. ॲरिस्टॉटलने महत्त्वाची मानलेली ओळख पटण्याची घटना भवभूतीकडेही आहे: जृंभक अस्त्रे, चेहऱ्यातील साम्य व वय अशा खुणांवरून रामाला मुलांची ओळख पटते. फरक शेवटात आहे. नाट्यशास्त्राच्या संकेतानुसार संस्कृत नाटक दुःखान्त असत नाही. भवभूतीने शोकाला नाटकाच्या मध्यभागी पूर्ण वाव देऊन मग मीलन घडविले.

भारतीय नाटकाचा उगम ग्रीक नाटकात आहे, असा सिद्धान्त एर्न्स्ट विंडिश या जर्मन विद्वानाने इ.स. १८८२ मध्ये मांडला होता. पडद्यासाठी असलेला यवनिका हा शब्द त्यासाठी पुढे केला जाई. पण ग्रीक रंगभूमीवर तशा पडद्याची पद्धतच नव्हती. सिल्व्हां लेव्ही या फ्रेंच पंडिताने या मताला विरोध केला आणि आज ते सामान्यतः स्वीकारले जात नाही. गांधार शिल्पकलेवर ग्रीक शैलीचा ठसा निर्विवाद आहे. नाटकाबाबत मात्र तसा पुरावा नाही.

शिल्पांतील साक्ष

इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सचा मुत्सद्दी लायकर्गस याने तिन्ही शोकनाट्यकारांचे ब्राँझचे पुतळे डायोनिससच्या नाट्यगृहात उभारले होते. भारतात नाटककाराचा पुतळा उभारण्याची प्रथा नव्हती. भवभूतीची कोणतीही समकालीन प्रतिमा उपलब्ध नाही. ग्रंथांत वा पाठ्यपुस्तकांत दिसणारी चित्रे काल्पनिक आहेत. तथापि त्याच्या नाटकांतील जगाची साक्ष शिल्पांतून मिळते.

मालतीमाधवातील पद्मावती नगरी म्हणजे नरवर, असे अलेक्झांडर कनिंगहॅम यांचे मत होते. ग्वाल्हेर संस्थानचे पुरातत्त्व अधिकारी मो. ब. गर्दे यांनी ती नगरी म्हणजे ग्वाल्हेरजवळचे पवाया हे गाव होय, असे सिद्ध केले. नद्यांच्या संगमाचे नाटकातील वर्णन त्या स्थळाशी जुळते. पवाया येथील उत्खननात विटांचे भव्य मंदिरपीठ, नाग राजांची नाणी व मणिभद्र यक्षाची लेखयुक्त मूर्ती मिळाली. तेथीलच गुप्तकालीन तोरणाच्या एका खंडावर मध्यभागी नृत्य करणारी स्त्री व तिच्या सभोवती वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. हा शिल्पखंड ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयात असून प्राचीन नृत्यसंगीताच्या अभ्यासात तो महत्त्वाचा मानला जातो.

महाराष्ट्रात वेरूळ येथे भवभूतीच्या शतकातील शिल्पसृष्टी पाहावयास मिळते. चौदाव्या क्रमांकाच्या लेण्यात सप्तमातृकांजवळ काल व काली यांच्या अस्थिपंजर प्रतिमा आहेत. मालतीमाधवातील चामुंडेच्या वर्णनाशी त्यांचे विलक्षण साम्य जाणवते. त्याच शतकाच्या उत्तरार्धात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळी खोदलेल्या कैलास लेण्याच्या भिंतीवर रामायणातील प्रसंग क्रमाने कोरलेले आहेत. उत्तररामचरितातील चित्रदर्शनाचा अंक वाचताना या पट्टांची आठवण होते. रामकथा चित्रांच्या मालिकेतून पाहण्याची सवय त्या काळच्या समाजाला होती, हे दोन्हींवरून दिसून येते.

उपेक्षा व उत्तरकालीन कीर्ती

मालतीमाधवाच्या प्रस्तावनेत भवभूतीने आपल्या निंदकांना उद्देशून प्रसिद्ध श्लोक लिहिला आहे. हा प्रयत्न त्यांच्यासाठी नाही. काळाला अंत नाही व पृथ्वी विस्तीर्ण आहे, तेव्हा आपल्यासारख्या स्वभावाचा कोणीतरी आज कोठे असेल किंवा पुढे जन्मास येईल, असा त्याचा आशय आहे. उत्तररामचरिताच्या प्रस्तावनेत सूत्रधार म्हणतो की, स्त्रियांच्या शुद्धतेविषयी जसे लोक दुष्टपणे बोलतात, तसेच ते वाणीच्या शुद्धतेविषयीही बोलतात. निष्कलंक सीतेवर आलेला लोकापवाद आणि कवीच्या शब्दांची झालेली निंदा यांना भवभूतीने येथे एकाच पंक्तीत बसविले आहे. रामाचा निर्णय चुकीचा होता, हे वासंती व जनक यांच्या तोंडून इतक्या स्पष्टपणे वदविणाऱ्या या कवीला लोकनिंदेचा स्वतःचा अनुभव होता.

त्याची आशा फोल ठरली नाही. वाक्पतिराज व वामन यांच्यानंतर इ.स. ९०० च्या सुमारास राजशेखर या नाटककाराने वाल्मीकी, भर्तृमेंठ, भवभूती व आपण स्वतः अशी एकाच कवीच्या अवतारांची परंपरा सांगितली. टीकाकार जगद्धराने मालतीमाधवावर लिहिलेली टीका आजही अभ्यासली जाते.

लोकपरंपरेत भवभूती व कालिदास यांना भोजराजाच्या सभेत एकत्र आणणाऱ्या कथा रूढ आहेत. उत्तररामचरित ऐकून कालिदासाने एका श्लोकातील केवळ एक अनुस्वार काढण्यास सुचविले व त्यामुळे अर्थ अधिक खुलला, अशी एक कथा आहे. कालिदास, भवभूती व भोज यांच्यात शतकांचे अंतर असल्याने ती ऐतिहासिक मानता येत नाही. परंतु दोन्ही कवींना समान आसन देण्याची रसिकांची इच्छा तिच्यात दिसते.

आधुनिक काळातील अभ्यास

होरेस हेमन विल्सन यांनी इ.स. १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिंदू नाटकांच्या इंग्रजी संग्रहात मालतीमाधव व उत्तररामचरित यांचा समावेश होता. बंगालमध्ये ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी उत्तररामचरिताच्या आधारे सीतार वनवास हे पुस्तक इ.स. १८६० मध्ये लिहिले. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी केलेले उत्तररामचरिताचे इंग्रजी भाषांतर इ.स. १९१५ मध्ये हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत निघाले. पांडुरंग वामन काणे व मोरेश्वर रामचंद्र काळे यांच्या सटीप आवृत्त्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरल्या.

मराठीत परशुरामतात्या गोडबोले यांनी इ.स. १८५९ मध्ये उत्तररामचरिताचे भाषांतर केले. मालतीमाधवाचे भाषांतर कृष्णशास्त्री राजवाडे यांनी केले. मराठी संगीत नाटक उदयास येण्यापूर्वीच्या या भाषांतरांनी मराठी वाचकाला बांधेसूद नाट्यरचनेची ओळख करून दिली. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी संस्कृत कविपंचक या आपल्या लेखमालेत कालिदास, बाण, सुबंधू व दंडी यांच्या बरोबरीने भवभूतीचे परीक्षण केले. संस्कृत कवीची आधुनिक दृष्टीने मराठीत केलेली ही आरंभीची समीक्षा होय. मिराशींचा भवभूतीवरील इंग्रजी ग्रंथ इ.स. १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. कवीचे जन्मस्थान, काळ, नाटकांची संहिता व वाङ्मयीन मूल्य यांची एकत्रित चर्चा त्यात असल्याने तो अभ्यासकांसाठी आधारभूत ठरला आहे.

विदर्भात रामटेकचे नाव कालिदासाच्या मेघदूताशी जोडले गेले आहे व तेथे कालिदासाच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालयही आहे. त्या मानाने पदमपूर दुर्लक्षित राहिले. रामटेकला कालिदासाचा यक्ष येऊन राहिला, असे मानले जाते. भवभूती मात्र स्वतः या भूमीत जन्मला व तसे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. आमगाव येथील भवभूती महाविद्यालय त्याच्या जन्मभूमीच्या परिसरात त्याचे नाव टिकवून आहे.